१ मार्च १९१३ चे मूल्य : जेम्स कझन्स यांचा कर-खटला

अमेरिकेच्या आर्थिक इतिहासात जे कर-खटले गाजले, त्यांत फोर्ड मोटर कंपनीच्या माजी भागधारकांचा १९२५ ते १९२८ या काळातील खटला अनेक दृष्टींनी वेगळा आहे. त्याची हकीकत बहुधा दोन पुरुषांच्या वैराची कथा म्हणून सांगितली जाते. एका बाजूस अर्थमंत्री अँड्र्यू मेलन, दुसऱ्या बाजूस मिशिगन राज्याचे सिनेटर जेम्स कझन्स. एकाने दुसऱ्याच्या खात्याची चौकशी आरंभिली आणि दुसऱ्याने त्याच्यावर सुमारे एक कोटी डॉलरांच्या कराची मागणी बजावली, असा तिचा सारांश. या हकीकतीत तथ्य आहे. पण ती सांगताना खटल्याचा खरा विषय नजरेआड होतो. मंडळापुढे निकालासाठी आलेला प्रश्न वैराचा नव्हता, मूल्याचा होता. १ मार्च १९१३ या दिवशी फोर्ड कंपनीच्या एका भागाची किंमत काय होती, एवढाच तो प्रश्न. त्याचे उत्तर देण्यासाठी कझन्स व त्यांचे जुने सहकारी यांनी एकत्र उभारलेल्या, आणि पुढे ज्यावरून ते एकमेकांशी भांडले त्या धंद्याचा इतिहास न्यायासनासमोर पुन्हा मांडावा लागला.

हाच दिवस का, हे प्रथम पाहिले पाहिजे. अमेरिकेच्या राज्यघटनेतील सोळावी दुरुस्ती फेब्रुवारी १९१३ मध्ये संमत झाली व त्यामुळे मध्यवर्ती सरकारला लोकसंख्येच्या प्रमाणाचे बंधन न पाळता उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार मिळाला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये झालेल्या कायद्याने १ मार्चपासूनचे उत्पन्न करपात्र ठरविले. त्यापूर्वी मालमत्तेच्या किंमतीत झालेली वाढ ही उत्पन्न नसून भांडवल होय, ही भूमिका पुढील कायद्यांत स्थिर झाली. म्हणून १९१३ पूर्वी घेतलेली मालमत्ता नंतर विकली गेल्यास मूळ खरेदीची किंमत न धरता १ मार्च १९१३ रोजीची वाजवी बाजारकिंमत धरावयाची आणि तिच्यावर जे अधिक मिळाले असेल तेवढ्यावरच कर घ्यावयाचा, असा नियम झाला. भारतीय वाचकास हा प्रकार परका वाटू नये. आपल्याकडे भांडवली नफ्यावरील कर १९४७ मध्ये प्रथम आला, अल्पकाळातच तो मागे पडला आणि १९५६ मध्ये पुन्हा बसविण्यात आला, तेव्हा १ जानेवारी १९५४ ची किंमत आधारभूत धरण्याची मुभा होती. पुढे ती तारीख सरकत सरकत १ एप्रिल १९८१ व नंतर १ एप्रिल २००१ वर आली. ज्या वस्तूची रोज खरेदी-विक्री होते, तिची जुनी किंमत वर्तमानपत्राच्या जुन्या अंकात सापडते. जी वस्तू कधी बाजारात आलीच नाही, तिच्याबाबत मात्र हा नियम करदात्याला आणि अधिकाऱ्याला सारखाच इतिहाससंशोधक बनवितो.

फोर्ड कंपनीचे भाग या दुसऱ्या जातीचे होते. ही कंपनी जून १९०३ मध्ये डेट्रॉइट येथे एक लाख डॉलरांच्या भांडवलावर स्थापन झाली. कोळशाचे व्यापारी अलेक्झांडर माल्कमसन आणि हेन्री फोर्ड यांचा वाटा प्रत्येकी साडेपंचवीस टक्के. बाकीचे भाग मूठभर मंडळींत वाटले गेले. त्यांत बँकर जॉन ग्रे, यंत्रांचे सुटे भाग बनविणारे जॉन व होरेस डॉज हे बंधू आणि अँडरसन व रॅकहॅम हे दोन वकील होते. माल्कमसन यांच्या कचेरीत हिशेब पाहणारे जेम्स कझन्स कॅनडातील चॅटम गावी १८७२ मध्ये जन्मलेले. त्यांनी थोडी रोकड व बाकी उसनवार मिळून अडीच हजार डॉलरांचे भाग घेतले. त्यांची भगिनी रोझेटा ही शिक्षिका होती. तिने आपल्या साठवणीतून शंभर डॉलर घातले. एवढ्या शंभर डॉलरांचे सोळा वर्षांनी दोन लाख बासष्ट हजार डॉलर झाले, ही गोष्ट अमेरिकन वाङ्मयात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिच्यातील आश्चर्य आता उरलेले नाही. खटल्याच्या दृष्टीने मात्र तिच्यात एक अडचण दडलेली आहे : त्या सोळा वर्षांतील वाढीपैकी कितीशी वाढ पहिल्या दहा वर्षांत झाली आणि किती शेवटच्या सहांत?

कझन्स हे कंपनीचे चिटणीस व खजिनदार होते. मोटार घडविणे हे फोर्ड यांचे काम. ती विकणे, विक्रेत्यांचे जाळे विणणे, पैसा वसूल करणे आणि खर्चाला लगाम घालणे हे कझन्स यांचे. ही विभागणी फार साधी आहे हे खरे, परंतु तीत सत्याचा अंश मोठा आहे. या काळातील एक प्रकरण पुढील घटनांच्या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगे आहे. स्वस्त मोटार करावी की महाग, यावरून माल्कमसन व फोर्ड यांचे बिनसले, तेव्हा नोव्हेंबर १९०५ मध्ये फोर्ड, कझन्स व इतरांनी 'फोर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी' नावाची दुसरी कंपनी काढली. ती मोटारीचे भाग बनवून मूळ कंपनीस विकणार. म्हणजे नफा तिच्याकडे वळणार आणि मूळ कंपनीचा लाभांश रोडावणार. या नव्या कंपनीत माल्कमसन यांना स्थान नव्हते. १९०६ मध्ये त्यांनी आपले सर्व भाग एक लाख पंच्याहत्तर हजार डॉलरांना फोर्ड यांना विकले. ज्या मालकाने कझन्स यांना या धंद्यात आणले त्याला बाहेर काढण्यात कझन्स यांचाही हात होता. अल्पभागधारकास कोंडीत धरण्याची ही रीत पुढे त्यांच्यावरही आली.

१९०८ मध्ये नफ्यातून भागभांडवल वीस लाख डॉलरांचे, म्हणजे वीस हजार भागांचे, करण्यात आले. त्याच वर्षी 'मॉडेल टी' निघाली. १९१०-११ च्या हंगामात सुमारे साडेचौतीस हजार, पुढील हंगामात अठ्ठ्याहत्तर हजारांवर आणि १९१२-१३ मध्ये एक लाख अडुसष्ट हजार मोटारी बाहेर पडल्या. कंपनीची शिल्लक गंगाजळी १९१२ च्या हिशेबवर्षाअखेर सुमारे एक कोटी सत्तेचाळीस लाख डॉलर होती, ती वर्षभरात दोन कोटी एक्याऐंशी लाखांवर गेली; आणि ही वाढ मोठे लाभांश वाटूनही झाली. भांडवलावर दरमहा पाच टक्के नियमित लाभांश मिळे. शिवाय १९११ ते १९१५ या काळात चार कोटी दहा लाख डॉलरांचे विशेष लाभांश वाटण्यात आले. अशा कंपनीचा भाग कोण विकणार? म्हणूनच १९१३ मधील त्याची बाजारकिंमत उपलब्ध नव्हती. बाजार नसल्यामुळे किंमत नाही, आणि बाजार नसण्याचे कारण वस्तूचे अतिमूल्य, असा हा विलक्षण पेच होता.

ऑक्टोबर १९१५ मध्ये कझन्स यांनी राजीनामा दिला. कंपनीच्या नियतकालिकात फोर्ड यांचा युद्धविरोधी मजकूर छापण्यास त्यांचा विरोध होता, हे निमित्त. दोघांमधील ताण त्याआधीचा होता. कझन्स संचालक व भागधारक राहिले, परंतु कंपनीच्या कारभारातील फोर्ड यांना अडविणारा एकमेव माणूस दूर झाला. पुढच्याच वर्षी फोर्ड यांनी मोटारीची किंमत ४४० वरून ३६० डॉलरांवर आणली, यापुढे विशेष लाभांश नाहीत असे जाहीर केले आणि नफा रूज नदीकाठच्या नव्या कारखान्यात घालण्याचे ठरविले. डॉज बंधूंनी न्यायालयात धाव घेतली. ७ फेब्रुवारी १९१९ रोजी मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने सुमारे एक कोटी त्र्याण्णव लाख डॉलरांचा लाभांश वाटण्याचा आदेश कायम केला. व्यापारी कंपनी मुख्यतः भागधारकांच्या लाभासाठी चालविली जाते, हे तत्त्व या निर्णयाने सांगितले आणि कायद्याच्या शाळांतून ते अद्याप शिकविले जाते. विजय मात्र कागदावरचा ठरला. निकाल हाती येऊन एक महिना होतो न होतो तोच, फोर्ड आता वेगळी कंपनी काढून अधिक स्वस्त मोटार बाजारात आणणार, अशी वार्ता पसरली. ती पसरविण्यात खुद्द फोर्ड यांचाच हात होता. जुन्या कंपनीच्या भागांचे काय होणार, या भीतीने जुने सहकारी विकण्यास तयार झाले. १९०५ ची युक्ती १९१९ मध्ये मोठ्या प्रमाणावर वापरली गेली, असे म्हणण्यास हरकत नाही.

बहुतेकांनी भागास १२,५०० डॉलर स्वीकारले. डॉज बंधूंना अडीच कोटी, ग्रे यांच्या वारसांना दोन कोटी साडेबासष्ट लाख, अँडरसन व रॅकहॅम यांना प्रत्येकी सव्वा कोटी मिळाले. कझन्स यांनी अडून धरले, आपल्या २,१८० भागांबद्दल भागास सुमारे १३,४४४ डॉलर घेतले. एकूण रक्कम दोन कोटी त्र्याण्णव लाखांवर. सर्वांना मिळून दहा कोटी अठ्ठावन्न लाख डॉलर देण्यासाठी फोर्ड यांना पूर्वेकडील बँकांच्या गटाकडून सहा कोटींचे कर्ज घ्यावे लागले.

करदृष्ट्या ही विक्री अत्यंत अवेळी झाली. युद्धकाळातील दर अद्याप लागू होते. मूळ दर आठ टक्के व त्यावरील सर्वोच्च अधिभार पासष्ट टक्के मिळून वरच्या उत्पन्नावर शेकडा त्र्याहत्तर कर बसे आणि भांडवली नफ्याला वेगळी सवलत नव्हती. साडेबारा टक्क्यांचा खास दर १९२१ च्या कायद्याने, म्हणजे १९२२ पासून आला. अशा स्थितीत आधारभूत किंमतीतील प्रत्येक डॉलर महत्त्वाचा होता. कझन्स यांच्यापुरते बोलावयाचे तर भागामागे एका डॉलराचा फरक म्हणजे कराच्या रकमेत जवळजवळ सोळाशे डॉलरांचा फरक. विकणाऱ्यांच्या वतीने म्हणून अंतर्गत महसूल खात्याकडे आधीच विचारणा झाली. तत्कालीन आयुक्त डॅनिएल रोपर यांनी चौकशी करवून १ मार्च १९१३ ची किंमत भागास ९,४८९ डॉलर ३४ सेंट अशी कळविली. या आकड्यावर व्यवहार झाला, या आकड्यावर विवरणपत्रे भरली गेली. कझन्स यांनी सत्तर लाख डॉलरांहून अधिक कर दिला.

येथपर्यंत प्रकरण शांत होते. कझन्स डेट्रॉइटचे महापौर झाले आणि नोव्हेंबर १९२२ मध्ये त्यांची सिनेटवर नेमणूक झाली. तेथे मेलन यांच्या करयोजनेशी त्यांचा खटका उडाला. श्रीमंतांवरील अधिभार उतरविल्यास भांडवल उद्योगात येईल, हे मेलन यांचे म्हणणे. कझन्स यांना ते मान्य नव्हते. दोघांची पत्रे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. कझन्स यांची संपत्ती करमुक्त रोख्यांत गुंतलेली आहे आणि त्यामुळे उच्च दरांची झळ त्यांना स्वतःला लागत नाही, याकडे मेलन यांनी जाहीरपणे बोट दाखविले. हा टोला अस्थानी नव्हता. कझन्स यांनी उत्तरादाखल १९२४ च्या वसंतात अंतर्गत महसूल खात्याच्या चौकशीसाठी सिनेटची समिती नेमविली. तिच्या वकिलाचा पगार आपण पदरचा देऊ, असेही ते म्हणाले. मेलन यांनी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांच्याकडे तक्रार केली आणि कूलिज यांनी सिनेटला कडक शब्दांत लिहिले. तरी चौकशी चालू राहिली. कर-परताव्यांचे व्यवहार गुप्त चालतात, मूल्यमापनाला निश्चित नियम नाहीत, एकाच प्रकारच्या उद्योगांना निरनिराळी वागणूक मिळते आणि लाभ झालेल्यांत खुद्द मेलन घराण्याच्या तेल व अॅल्युमिनियम कंपन्याही आहेत, अशी माहिती समितीपुढे येऊ लागली.

मार्च १९२५ मध्ये १९१९ च्या करविवरणाची पाच वर्षांची मुदत संपत होती. मुदतीचा हक्क सोडून देणाऱ्या लेखावर कझन्स यांनी सही करावी, अशी मागणी आयुक्त डेव्हिड ब्लेअर यांनी त्यांच्यापाशी केली. कझन्स यांनी नकार दिला आणि सिनेटमध्ये उभे राहून सगळा प्रकार उघड केला. मागोमाग जादा कराची मागणी आली. प्रथम बोलला गेलेला आकडा एक कोटीच्या वर होता. औपचारिक सूचनेत भागाचे १९१३ चे मूल्य ३,५४७ डॉलर ८४ सेंट धरले गेले आणि कझन्स यांच्याकडे चौऱ्याण्णव लाख पंचावन्न हजारांवर रक्कम निघाली. इतर माजी भागधारकांकडील मिळून एकूण मागणी तीन कोटींच्या वर गेली.

हे सूडबुद्धीचे कृत्य होते काय? समकालीनांपैकी पुष्कळांना तसे वाटले, आणि वेळ पाहता संशय येणे साहजिक होते. परंतु दोन गोष्टी विचारात घेणे आवश्यक आहे. मागणी एकट्या कझन्स यांच्यावर नव्हती. ज्यांचा राजकारणाशी काडीचा संबंध नव्हता अशा विधवा व वारसांवरही ती आली. अर्थात एकाचे प्रकरण उघडले की त्याच मूल्यावर अवलंबून असलेली बाकीची उघडणे भाग होते, म्हणून यातून फार काही सिद्ध होत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. १ मार्च १९१३ ची मूल्यमापने सैलपणे झाली, हा कझन्स यांच्या समितीचाच आक्षेप होता. तांब्याच्या खाणींबाबत तिने खात्याला याच कारणासाठी धारेवर धरले होते. खाणमालकांचे जुने मूल्यमापन पुन्हा तपासावे असे म्हणणाऱ्याने स्वतःच्या भागांचे मूल्यमापन तपासले गेल्यावर तक्रार करावी, यात विसंगती होती. तिचे निराकरण कझन्स यांनी कधी केले असे दिसत नाही. त्यांची तक्रार वस्तुतः निराळी होती : शासनाने लेखी दिलेल्या शब्दावर माणसाने व्यवहार पुरा केल्यावर, कर भरल्यावर, पाच वर्षे संपत आली असता तोच शब्द फिरविता येतो काय? प्रश्न रास्त होता. परंतु निकाल अखेर ज्यावर उभा राहिला तो हा प्रश्न नव्हे.

प्रकरण कर-अपील मंडळाकडे गेले. हे मंडळ जून १९२४ च्या कायद्याने नुकतेच जन्मास आले होते. कर आधी भरा आणि मग न्यायालयात भांडा, या जुन्या रीतीऐवजी कर भरण्यापूर्वी खात्याबाहेरच्या स्वतंत्र मंडळापुढे दाद मागण्याची सोय त्याने प्रथमच झाली. आपल्याकडील प्राप्तिकर अपील न्यायाधिकरण १९४१ चे. म्हणजे कल्पनेच्या दृष्टीने त्याच जातीचे, वयाने धाकटे. मंडळापुढे शाबितीचा भार करदात्यावर असे; आयुक्तांचा आकडा, तो चुकीचा ठरेपर्यंत, बरोबर मानला जाई. त्यामुळे रोपर यांचे पत्र पुढे करून भागण्यासारखे नव्हते. १९१३ चे मूल्य पुराव्याने उभे करावे लागणार होते. १९२७ च्या आरंभी वॉशिंग्टनमध्ये सुनावणी झाली. भागधारकांच्या बाजूने जोसेफ डेव्हिस या वकिलांनी प्रमुख भाग घेतला. त्यांना या प्रकरणात वीस लाख डॉलर मिळाले, त्या काळातील हे एक असामान्य शुल्क.

सरकारी बाजूचे म्हणणे वरवर पाहता व्यवहारी होते. १९१३ मध्ये मोटारधंदा अस्थिर मानला जाई; कंपन्या निघत आणि बुडत. फोर्ड कंपनी एकाच नमुन्यावर व बरीचशी एकाच माणसावर अवलंबून होती. तिच्या मालमत्तेचे पुस्तकी मूल्य दोन-अडीच कोटी डॉलरांच्या आसपास. वर्षाचा नफा १९१२ मध्ये एक कोटी तीस लाखांच्या घरातला. भागास ३,५४८ डॉलर म्हटले तरी सबंध कंपनीचे मोल सात कोटी दहा लाख होते, म्हणजे मालमत्तेच्या तिप्पट आणि नफ्याच्या पाचपट. सावध गुंतवणूकदार याहून अधिक काय देता? रोपर यांच्या आकड्याने कंपनी एकोणीस कोटींची होत होती. हा आकडा नंतरचे वैभव पाहून मागे फेकलेला आहे, असे सुचविण्यात आले.

या आक्षेपात इतिहासाच्या अभ्यासकाला परिचित असलेली एक अवघड गोष्ट आहे. १ मार्च १९१३ रोजी सरकता जुळणी-पट्टा अस्तित्वात नव्हता. चुंबकयंत्राच्या जुळणीत तो त्यानंतर महिन्याभराने, एप्रिलमध्ये आला. गाडीच्या सांगाड्यासाठी शरद ऋतूत. पाच डॉलर रोजाची घोषणा जानेवारी १९१४ ची. फोर्ड म्हटल्यावर जगास जे आठवते ते जवळजवळ सारे त्या तारखेच्या पलीकडे होते. जो ग्राहक त्या दिवशी फोर्डचा भाग विकत घेईल अशी कल्पना करावयाची, त्याला यातले काहीच ठाऊक नाही असे धरणे आवश्यक होते. मग त्याला काय ठाऊक होते? भागधारकांच्या वकिलांनी या प्रश्नाला भिडण्याचे ठरविले, हे त्यांच्या यशाचे कारण दिसते. त्या दिवशी हायलंड पार्कचा कारखाना तीन वर्षे चालू होता. १९११ च्या आरंभी सेल्डेन पेटंटच्या खटल्यातून कंपनी मोकळी झाली होती, म्हणजे धंद्यावरची सर्वांत मोठी कायदेशीर टांगती तलवार दूर झाली होती. १९०८ मध्ये ८५० डॉलरांना विकली जाणारी गाडी ऑक्टोबर १९१२ पासून ६०० डॉलरांना मिळत होती आणि मागणी पुरविता येत नव्हती. हंगाम अर्धा उलटला होता. उत्पादन मागील वर्षाच्या दुप्पट होणार हे कचेरीतील कारकुनालाही दिसत होते. म्हणजे १९१२ च्या नफ्यावरून किंमत बांधणे हीच चूक होती. त्या दिवशी हिशेबाच्या वह्यांत येऊ घातलेला नफा त्याच्या दुपटीच्या जवळ होता. या नफ्याच्या हिशेबाने वीस कोटींची कंपनी म्हणजे आठपट किंमत झाली. ही अतिशयोक्ती म्हणता येणार नाही.

या सगळ्याचा सर्वांत जाणता साक्षीदार कझन्स हेच होते. १९१३ मध्ये खजिना त्यांच्या हाती होता, विक्रीचे अंदाज ते बांधत. म्हणून साक्षीदार म्हणून त्यांचे वजन मोठे, आणि पक्षकार म्हणून त्यांचा स्वार्थही तेवढाच मोठा.

५ मे १९२८ रोजी मंडळाने निर्णय दिला. १ मार्च १९१३ रोजी भागाचे मूल्य १०,००० डॉलर होते, असे त्याने ठरविले. आयुक्तांचा आकडा तर गेलाच, पण रोपर यांनी ठरविलेलाही कमी ठरला. कझन्स काही देणे लागत नव्हते. उलट सरकारच त्यांचे सुमारे नऊ लाख डॉलर देणे लागत होते.

निकाल योग्य होता काय, याविषयी आजही विचार करता येईल. एक आकडा खटकतो. १९१३ मध्ये दहा हजार आणि १९१९ मध्ये साडेबारा हजार, म्हणजे सहा वर्षांत अवघी चतुर्थांश वाढ. याच सहा वर्षांत उत्पादन कित्येक पट झाले. १९१६ च्या एका वर्षाचा नफा सहा कोटींच्या घरात गेला. तेव्हा एक तर १९१३ चे मूल्य फार चढे धरले गेले, किंवा १९१९ ची विक्री फार स्वस्तात झाली. दुसरे अनुमान अधिक पटते. १९१९ मध्ये विकला गेला तो फोर्ड कंपनीचा भाग होता हे खरे, पण तो अशा भागधारकाचा होता ज्याला लाभांश मिळविण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात जावे लागले होते आणि ज्याच्यापुढे बहुसंख्य भागांचा धनी प्रतिस्पर्धी कंपनी उभारण्याची धमकी देत होता. त्या किंमतीत भांडणाची वजावट आधीच झालेली होती. १९१३ मध्ये तसे नव्हते. तेव्हा लाभांश उदारपणे वाटले जात होते. त्याच जूनमध्ये एका दिवशी एक कोटी डॉलर वाटले गेले. खजिनदार आणि अध्यक्ष एकमेकांशी बोलत होते. अल्पभागधारकाचे दौर्बल्य कायद्यात त्याही वेळी होते, व्यवहारात मात्र दिसत नव्हते. ते पाहण्यासाठी माल्कमसन यांची आठवण ठेवणारा ग्राहक हवा होता. १९१३ च्या बाजारात असा सावध ग्राहक किती टक्के कमी देता, हा प्रश्न खरोखर विचारण्याजोगा होता. सरकारी बाजूने धंद्याच्या अस्थिरतेवर भर दिला, परंतु भागधारकाच्या या असहाय स्थितीवर तितका भर दिला असता तर त्यांचा आकडा कदाचित इतका सहज कोसळला नसता. मंडळाने जुळणी-पट्टा व पाच डॉलर रोज हे भविष्य बाजूस ठेवले. त्याच न्यायाने १९१५ चा राजीनामा व १९१९ ची धमकीही बाजूस ठेवली. जुन्या सहकाऱ्यांमधील बेबनावाने ज्यांचे १९१९ मध्ये नुकसान झाले, त्यांना १९१३ मधील स्नेहाचा १९२८ मध्ये फायदा मिळाला.

समितीच्या कामाचा परिणाम मात्र खटल्यावर अवलंबून नव्हता. १९२६ च्या महसूल कायद्याने काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांची संयुक्त कर-समिती स्थापन झाली. खात्याच्या कारभारावर विधिमंडळाची कायम नजर राहण्याची ही पहिली व्यवस्था. कर-अपील मंडळाचे पुढे १९४२ मध्ये कर-न्यायालय असे नामांतर झाले. कझन्स यांनी १९२९ मध्ये एक कोटी डॉलर देऊन मिशिगनच्या मुलांसाठी निधी उभारला. त्याचे मुद्दल व व्याज पंचवीस वर्षांच्या आत खर्चून टाकावे, अशी त्यांची अट होती.

मेलन १९३२ मध्ये अर्थखात्यातून गेले. १९३४ मध्ये रूझवेल्ट यांच्या शासनाने त्यांच्याच १९३१ च्या प्राप्तिकराबाबत गुन्ह्याचा आरोप आणण्याचा प्रयत्न केला. पिट्सबर्गच्या ज्यूरीने तो नाकारला. मग दिवाणी मागणी घेऊन सरकार त्याच कर-अपील मंडळापुढे गेले. १९३५ मध्ये वयाच्या ऐंशीव्या वर्षी मेलन यांनी तेथे साक्ष दिली. आपले भाग विकले तेव्हा ती खरी विक्री होती की कागदी, याचा जाब त्यांना द्यावा लागला. कझन्स ऑक्टोबर १९३६ मध्ये वारले. मेलन ऑगस्ट १९३७ मध्ये. मंडळाने डिसेंबर १९३७ मध्ये निर्णय दिला. लबाडीचा आरोप फेटाळला गेला आणि काही लाख डॉलरांचा कर मेलन यांच्या वारसांकडे निघाला.